दिपोटी ते चॅटबॉट : पोरांची चाचणी नेमकी कुणासाठी?

पोस्ट मोठी आहे. पण तुमचं पोर, पुतण्या, भाची, नात यांपैकी कुणी जिल्हा परिषदेच्या शाळेत असेल तर शेवटपर्यंत वाचा. कुणी नसेल तरी वाचा, कारण ती शाळा तुमच्या-माझ्या पैशावर चालते.

गेल्या आठवड्यात एका दोनशिक्षकी शाळेत गेलो होतो. पॅटचे पेपर नुकतेच झाले होते. पॅट म्हणजे नियतकालिक मूल्यांकन चाचणी. प्रश्नपत्रिका राज्यातून छापून येते, सगळीकडे एकच. बाई एका हाताने पेपर तपासत होत्या आणि दुसऱ्या हातात मोबाईल, कारण प्रत्येक पोराचे गुण चॅटबॉटवर भरायचे होते. नेट जात-येत होतं. मी सहज विचारलं, "बाई, हे गुण वर गेले की पुढं काय होतं?" त्या हसल्या आणि म्हणाल्या, "पुढं बैठकीत आमची टक्केवारी वाचून दाखवतात."

हे वाक्य डोक्यातून जाईना. म्हणून जुनी पुस्तकं काढली, घरातल्या जुन्या गोष्टी आठवल्या, आणि माझी स्वतःची एक चूकही आठवली. चूक आधी सांगतो.

आठ-नऊ वर्षांपूर्वीची गोष्ट. 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' जोरात होतं. २२ जून २०१५ चा शासन निर्णय. त्यानंतर पायाभूत चाचणी, संकलित चाचणी, ठरलेल्या निकषांवर शाळा 'प्रगत' झाली की नाही त्याची नोंद, असं सगळं सुरू झालेलं. एका कार्यालयातून प्रेसनोट आली की अमुक इतक्या शाळा शंभर टक्के प्रगत. मी एकाही शाळेत न जाता ती बातमी चार कॉलम लावली. हार-तुऱ्याचा फोटोही लावला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आमचा पेपर टाकणारा एजंट अंक घेऊन आला. म्हणाला, "भाऊ, ही बातमी तुमचीच ना? मग जरा माझ्या पोराकडून वाचून घ्या." पोरगा चौथीत, त्याच यादीतल्या एका शाळेत. मी अंक पुढे केला. पोराने मथळ्यातलं 'प्रगत' वाचायचा प्रयत्न केला. 'प्र'ला अडकला. मग 'गत' म्हणाला. मग माझ्याकडे बघत गप्प उभा राहिला.

चाचणीत त्या पोराला पास होण्याइतके गुण होते. बापाने गुणपत्रक दाखवलं मला.

आता तुम्ही म्हणाल, मास्तरांनी उत्तरं सांगितली असतील. सांगितली असतील, नसतील, मला माहीत नाही. पण मास्तरांना शिव्या घालून ही गोष्ट संपत नाही. ती दीडशे वर्षं जुनी आहे.

पैसा निकालावर

१८५४ मध्ये वुडचा खलिता आला. त्यातून इलाख्याइलाख्यात शिक्षण खातं उभं राहिलं, तपासनीस नेमले गेले, आणि खासगी शाळांना सरकारी अनुदान देण्याची पद्धत ठरली. अनुदान द्यायचं तर किती द्यायचं, हा प्रश्न आलाच.

त्याचं एक उत्तर विलायतेत निघालं. १८६२ मध्ये तिथे रॉबर्ट लो नावाच्या मंत्र्याच्या पुढाकाराने नवी नियमावली लागू झाली. हिशेब साधा होता. वर्षातून एकदा तपासनीस येणार आणि एकेका पोराची वाचन, लेखन, अंकगणित अशी परीक्षा घेणार. पोर पास झालं तर शाळेला त्याचे पूर्ण पैसे. एका विषयात नापास झालं की दोन शिलिंग आठ पेन्स कापले. म्हणजे प्रत्येक पोराच्या डोक्यावर किमतीची चिठ्ठीच.

मॅथ्यू आर्नल्ड हे इंग्रजीतले मोठे कवी. पोटासाठी ते पस्तीस वर्षं शाळा तपासनीस होते. या पद्धतीवर त्यांनी आपल्या अहवालांत सडकून टीका केली. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं की नीट तयारी करून घेतली तर पोराला खरं वाचता-लिहिता येत नसतानाही या परीक्षेत पास करून घेता येतं. कसं? वर्षभर एकच पुस्तक घोकून घ्यायचं. तपासनिसासमोर पोर पान उघडतं आणि धडाधड म्हणतं, पण ते वाचत नसतं, पाठ म्हणत असतं.

हे वाचलं तेव्हा मला आमच्या एजंटचा पोरगाच डोळ्यासमोर आला. मध्ये दीडशे वर्षं आणि सात समुद्र, पण रोग तोच.

निकालावर अनुदान ही पद्धत आपल्या मुंबई इलाख्यातही आली. १८८२ मध्ये हंटर आयोग बसला, त्यानेही अनुदानित प्राथमिक शाळांसाठी तिची शिफारस केली. याच आयोगापुढे महात्मा फुल्यांनी आपलं निवेदन दिलं, हे आपल्याला माहीत आहे. त्यांचा रोख वेगळ्याच गोष्टीवर होता. रयतेच्या घामाचा पैसा वरच्या वर्गाच्या शिक्षणावर खर्च होतो, खेड्यातल्या पोरांना शाळा नाही, मास्तरांना धड पगार नाही, हे त्यांनी सांगितलं. प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा, अशी मागणी केली. पोरांना मोजण्याआधी त्यांच्यासाठी शाळा तर उभी करा, असा त्याचा अर्थ मी काढतो.

पुढे कर्झनच्या काळात, १९०४ च्या शैक्षणिक धोरणाच्या ठरावात, सरकारनेच निकालावर अनुदान देणं सोडून द्यायची भूमिका घेतली. विलायतेत ती पद्धत त्याआधीच गेली होती. म्हणजे जे चाललं नाही हे एकदा सिद्ध झालं होतं, तेच आपण पुन्हा पुन्हा वेगळ्या नावाने आणत गेलो.

आजोबांचा दिपोटी

माझे आजोबा लोकल बोर्डाच्या शाळेत मास्तर. शिक्षण व्हर्नाक्युलर फायनल, म्हणजे सातवी. त्या काळात 'व्ह. फा.' झालेला माणूस मास्तर होऊ शकायचा. १९२३ च्या कायद्याने मुंबई इलाख्यात प्राथमिक शाळांचा कारभार स्थानिक मंडळांकडे दिला होता, पण तपासायला येणारा माणूस खात्याचा. डेप्युटी इन्स्पेक्टर. गावाच्या तोंडी 'दिपोटी'.

दिपोटी यायचा म्हणजे शाळा शेणाने सारवली जायची. पोरं आंघोळ करून. हुशार पोरं पुढच्या रांगेत, कच्ची मागे, आणि अगदीच कच्ची असतील तर त्या दिवशी गुरं राखायला. आजोबा हे हसत सांगायचे, पण सांगून झाल्यावर म्हणायचे, "त्या मागच्या रांगेचं पाप लागलंय रे मला."

पण त्याच आजोबांनी एक चांगली गोष्टही सांगितली होती. शेरेबुक. दिपोटी जाताना त्यात आपल्या हाताने लिहायचा. चांगला दिपोटी असेल तर नुसतं 'निकाल समाधानकारक' लिहून जात नसे. दुसरीच्या पोरांना हातच्याची वजाबाकी येत नाही, रोज अर्धा तास घ्या, पुढच्या भेटीत पाहीन, असं लिहायचा. आणि खरंच पुढच्या भेटीत ते पान काढून बघायचा. भीती होती, मानहानी होती, सगळं होतं. पण तपासणारा माणूस पोरासमोर बसलेला असायचा. पोर कुठे अडलं हे त्याला दिसायचं.

जिल्हा परिषद आली

१ मे १९६२ ला महाराष्ट्रात जिल्हा परिषदा सुरू झाल्या आणि गावोगावच्या शाळा त्यांच्या झाल्या. आमच्या पिढीने हीच शाळा पाहिली. वार्षिक परीक्षा, पास-नापास, आणि हुशार पोरांसाठी चौथी-सातवीची स्कॉलरशिप. स्कॉलरशिपमध्ये किती पोरं बसली, किती लागली, यावर शाळेची इभ्रत. ती परीक्षा निवडीची. वर्गातल्या चार-पाच पोरांची. उरलेल्या तीस पोरांचं काय, हे ती परीक्षा सांगत नव्हती आणि तिच्याकडून तशी अपेक्षाही नव्हती.

नापास झालेल्याला कुणी बसवून शिकवत नव्हतं. तोच वर्ग, तेच पुस्तक, पुन्हा एक वर्ष. माझ्या वर्गातली सहा पोरं अशीच गळाली. एक ऊसतोडीला गेला, एक गॅरेजला, दोघींची लग्नं झाली. बाकी दोघांचा पत्ता नाही. आमच्या गुणपत्रकांनी त्यांना फक्त बाहेरची वाट दाखवली.

म्हणून १ एप्रिल २०१० ला शिक्षण हक्क कायदा लागू झाला आणि आठवीपर्यंत कुणाला मागे ठेवायचं नाही असं ठरलं, त्यामागे हे कारण होतं. पण लोकांनी ऐकलं एवढंच की 'आता परीक्षा नाही'. ते खरं नव्हतं. त्याच कायद्यात सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन सांगितलं होतं. महाराष्ट्रात २० ऑगस्ट २०१० ला त्याचा शासन निर्णय निघाला. आकारिक आणि संकलित असे दोन भाग. निरीक्षण, तोंडी काम, प्रात्यक्षिक, उपक्रम, प्रकल्प, चाचणी, स्वाध्याय अशी साधनं. कल्पना उत्तम होती. वर्षाच्या शेवटी एकदा फाशी देण्यापेक्षा रोज नाडी बघा, असं ते होतं.

मग झालं काय? प्रत्येक पोराची, प्रत्येक विषयाची नोंद लिहायची. दोन शिक्षक, चार-पाच वर्ग. बाजारात तयार नोंदींची पुस्तकं आली. मास्तर त्यातून उतरवून काढू लागले. मी एका शाळेत नोंदवही चाळली तेव्हा ओळीने अकरा पोरांपुढे 'उपक्रमात आनंदाने सहभागी होतो' असं लिहिलेलं होतं. त्यात तीन मुली होत्या. नाडी बघायची राहिली आणि वही भरायची झाली.

अटलांटात काय झालं

हे आपल्याकडचंच खूळ आहे असं समजू नका. अमेरिकेत जिल्हा परिषदेसारखीच, पण फक्त शाळा बघणारी स्थानिक यंत्रणा असते. तिला स्कूल डिस्ट्रिक्ट म्हणतात. जॉर्जिया राज्यातल्या अटलांटा शहराची अशी यंत्रणा एकेकाळी देशभर गाजत होती. गरीब वस्तीतल्या पोरांचे गुण वर्षागणिक वाढत होते. तिथल्या प्रमुख बेव्हर्ली हॉल यांना २००९ मध्ये देशातल्या सर्वोत्तम प्रमुखाचा मान मिळाला.

मग कुणीतरी उत्तरपत्रिकांवरच्या खोडाखोडीकडे बघितलं. चुकीचं उत्तर खोडून बरोबर केल्याच्या खुणा इतक्या होत्या की ते पोरांचं काम असणं शक्य नव्हतं. राज्याने चौकशी लावली. २०११ च्या अहवालात ५६ शाळा तपासल्याचं आणि त्यातल्या ४४ शाळांत गैरप्रकार सापडल्याचं आलं. १७८ शिक्षक-मुख्याध्यापकांची नावं आली. काही शाळांत शिक्षकांनीच उत्तरं दुरुस्त केली होती. २०१५ मध्ये अकरा जण दोषी ठरले. बेव्हर्ली हॉल यांनी आरोप नाकारले होते. आजारपणामुळे त्यांचा खटला चाललाच नाही आणि निकालाआधीच त्या वारल्या.

त्या शिक्षकांना जन्मतः चोरी करायची हौस नव्हती. वरून ठरवून दिलेले आकडे गाठले तर बक्षीस, नाहीतर नोकरीवर गदा, असा तो कारभार होता. सगळ्यात मोठं नुकसान कुणाचं झालं? ज्या पोराला वाचता येत नव्हतं त्याचं. कागदावर तो पास होता, म्हणून त्याला कुणी जादा शिकवलंच नाही. आमच्या एजंटच्या पोरासारखंच.

डोनाल्ड कॅम्पबेल नावाच्या अमेरिकन अभ्यासकाने १९७० च्या दशकातच हे मांडून ठेवलं होतं. एखाद्या आकड्यावर जितके मोठे निर्णय टांगाल तितका तो आकडा बिघडतो, आणि ज्यासाठी तो मोजता ते कामही बिघडवतो.

आता कुठली चाचणी कशाची

आज आपल्या शाळांत इतक्या चाचण्या आहेत की पालकच काय, शिक्षकही गोंधळतात. म्हणून सरळ सांगतो.

असर ही प्रथम संस्थेची पाहणी, २००५ पासून. ती शाळेत नाही, खेड्यातल्या घरी जाऊन होते. अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट, यातलं पोराला काय वाचता येतं, ते बघतात.

राष्ट्रीय संपादणूक सर्वेक्षण १३ नोव्हेंबर २०१७ ला झालं, मग १२ नोव्हेंबर २०२१ ला. त्यानंतर ४ डिसेंबर २०२४ ला परख सर्वेक्षण झालं, त्यात तिसरी, सहावी, नववी होती. ही नमुना पाहणी आहे. निवडक शाळांतली निवडक पोरं. तिच्यावरून जिल्ह्याची तब्येत कळते. तुमच्या पोराची कळत नाही, एखाद्या मास्तरचीही नाही. तरी तिच्या आधी महिनाभर शाळाशाळांत सराव पेपर सोडवून घेतात. वजन करण्याआधी पोटभर पाणी पिण्यातला हा प्रकार.

पॅट मात्र पोराची चाचणी आहे. जागतिक बँकेच्या मदतीच्या स्टार्स प्रकल्पातून ती आली. पायाभूत, संकलित एक, संकलित दोन. मूळ हेतू हाच की पोर कुठे अडलंय ते शिक्षकाला कळावं. इथे पास-नापास नाही. तरीसुद्धा तिचे पेपर आधीच यूट्यूबवर दिसल्याच्या बातम्या आपण वाचल्या. ज्या चाचणीत नापासच होता येत नाही तिचा पेपर कुणाला लागतो? ज्याला टक्केवारीची भीती आहे त्याला.

त्यात २०१९ च्या कायदादुरुस्तीनंतर आपल्याकडे २०२३-२४ पासून पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा परत आली. नापास झाला तर पुन्हा संधी, त्यातही नाही झालं तर त्याच वर्गात. म्हणजे थोडं चक्र फिरून पुन्हा तिथेच आलंय. माझा त्याला सरसकट विरोध नाही. पण मागे ठेवलेल्या पोराला त्या वर्षात कोण आणि काय शिकवणार, याचं उत्तर आधी हवं. ते नसेल तर माझ्या वर्गातली सहा पोरं आठवा.

त्या बाईंनी काय केलं

आता पुन्हा त्या दोनशिक्षकी शाळेत येतो. बाईंनी मला एक पेपर दाखवला. ५२ वजा २७. पोराने उत्तर लिहिलं होतं ३५. गुण शून्य.

म्हणाल्या, "चॅटबॉटवर शून्य गेलं. पण हे बघा, याला वजाबाकी येत नाही असं नाही. दोनातून सात जात नाहीत म्हणून याने सातातून दोन वजा केले. याला हातचा कळलेला नाही, बास." मग दुसरा पेपर काढला. ६३ वजा २८, उत्तर ४५. तीच चूक. पंधरापैकी नऊ पेपरांत तीच चूक.

पुढचे आठ दिवस त्यांनी त्या नऊ जणांना वेगळं बसवलं. काड्यांचे दहा-दहाचे गठ्ठे. गठ्ठा सोडायचा, सुट्या काड्यांत मिसळायचा, मग वजा करायचं. मी होतो तेव्हा एक मुलगी गठ्ठ्याचं रबर काढता काढता ओरडली, "बाई, आता जातात की सात!"

आजोबांच्या काळातल्या त्या चांगल्या दिपोटीने हेच लिहिलं असतं. फरक एवढाच की हे कुठल्या शेरेबुकात जाणार नाही. वर जाणार फक्त आकडा. आणि बैठकीत बाईंची शाळा खालून तिसरी म्हणून वाचली जाईल, कारण त्यांनी पेपर प्रामाणिकपणे घेतला.

जिल्हा परिषदेला आकडे लागतात, हे मला मान्य आहे. हजारो शाळा बघायच्या तर आकडे हवेतच. पण त्या आकड्यांवरून काय करायचं? दहा शाळांत हातच्याची वजाबाकी अडली असेल तर तिथे साहित्य पाठवा, ज्या बाईंना जमलंय त्यांना बाकीच्यांसमोर उभं करा, रिकामी पदं आधी तिथली भरा. याला मी चाचणीचा उपयोग म्हणतो. यादी लावून खालच्या पाचांना उभं करणं म्हणजे दोन शिलिंग आठ पेन्स कापणंच. १८६२ चंच.

तुम्ही काय करू शकता

जिल्हा परिषदेच्या प्रत्येक शाळेत शाळा व्यवस्थापन समिती असते. कायद्याने तिच्यात पाऊण सदस्य पालक असावे लागतात. पुढच्या बैठकीला जा. टक्केवारी विचारू नका. तीन गोष्टी विचारा.

एक, माझ्या पोराचा तपासलेला पेपर दाखवा. दोन, त्याचं नेमकं काय अडलंय? तीन, पुढच्या महिन्यात त्यासाठी काय करणार, आणि त्यात तुम्हाला आमची किंवा वरची काय मदत लागेल?

तिसरा प्रश्न विसरू नका. मास्तरांना कोंडीत पकडण्यासाठी जाऊ नका. कोंडीत सापडलेला मास्तर काय करतो ते अटलांटाने दाखवलंय.

आणि शेवटी माझं. एजंटचा तो पोरगा आता मोठा झालाय. दहावीला गणितात राहिला, परत बसला नाही. आता बापाच्या जागी तोच पहाटे अंक टाकतो. परवा मी त्याला थांबवून जुनी बातमी आठवते का विचारलं. म्हणाला, "जाऊ द्या ना भाऊ, आता मथळा येतो वाचता." आणि सायकल मारून निघून गेला.

ती चूक मी तेव्हाच छापून दुरुस्त करायला हवी होती. केली नाही. म्हणून आज इथे लिहितोय. यापुढे शिक्षणाची कुठलीही प्रेसनोट आली की आधी शाळेत जाईन आणि एका पोराला समोर बसवून वाचायला सांगेन. मग बातमी.

तुम्हीही आज संध्याकाळी एवढं करा. घरातल्या पोराला शेजारी बसवा आणि आजच्या पेपरातल्या चार ओळी वाचायला सांगा. रागावू नका, गुण देऊ नका. फक्त कुठे अडतंय ते बघा.